मालकी मालकाची, पण ताबा कोणाचा?
भाडेकरू कुटुंबांसाठी अभ्यासलेख



गेल्या काही महिन्यांत धर्मग्रामाच्या कार्यालयात एकाच प्रकारची दुःखे घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढली आहे. कोणाच्या नळाचे पाणी बंद झालेले असते. कोणाची भाडेपावती वर्षभर आलेली नसते. कोणाच्या दारावर रात्री दहा वाजता दोन अनोळखी माणसे थाप मारतात आणि "खोली कधी खाली करता?" एवढेच विचारून निघून जातात. आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ जुनी कुटुंबे पागडीच्या चाळींत राहतात. नवी जोडपी अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. म्हणजे हा प्रश्न एखाद्या घराचा राहिलेला नाही.

"रविवारच्या पत्रकात हा विषय कशाला?" असे काहींना वाटेल. आम्हालाही पूर्वी तसेच वाटत असे. ते का बदलले, हे आधी सांगतो.

आमची चूक

एक विधवा मावशी पतीच्या निधनानंतर त्याच खोलीत एकट्या राहत होत्या. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.) भाडेपावती पतीच्या नावाची होती. इमारत नव्या मालकाने विकत घेतली. त्याने पहिल्याच भेटीत सांगितले, "भाडेकरू तुमचे मिस्टर होते. ते गेले, आता तुमचा संबंध संपला." पुढे भाडे घेणे बंद झाले, जिन्यातला दिवा गेला आणि संध्याकाळी दारात माणसे येऊन उभी राहू लागली.

मावशी मिस्सानंतर आमच्याकडे आल्या. "फादर, काय करू?" आम्ही म्हणालो, "मावशी, थोडे सोसा. भांडणात पडू नका. आठ दिवस बहिणीकडे जाऊन या, तोवर त्यांचा राग निवेल." आमच्या शब्दावर विश्वास ठेवून त्या नालासोपाऱ्याला बहिणीकडे गेल्या. नवव्या दिवशी परतल्या तेव्हा दाराला दुसरेच कुलूप होते. आत त्यांची भांडी, कपडे आणि भिंतीवरचा लग्नाचा फोटो होता.

आमचा हेतू वाईट नव्हता. पण ज्या एका गोष्टीवर त्या मावशींचा हक्क उभा होता, तीच आम्ही त्यांना सोडायला लावली. ती गोष्ट म्हणजे ताबा. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना "ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय" ही व्याख्या आम्ही पाठ केली होती. परंतु एका गरीब बाईचे तिच्याकडे काय आहे, हे विचारण्याआधीच आम्ही तिला सहनशीलतेचा उपदेश केला. सहनशीलता हा सद्गुण आहे. मात्र दुसऱ्याच्या अन्यायाची सोय व्हावी म्हणून केलेल्या सहनशीलतेला सद्गुण म्हणता येत नाही. त्यानंतर आम्ही कायदा जाणणाऱ्या मंडळींकडे बसून थोडा अभ्यास केला. तो आपणांपुढे ठेवत आहोत. आम्ही वकील नाही, त्यामुळे प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्यावाच. पण वकिलाकडे पोहोचेपर्यंत काय करावे आणि काय करू नये, एवढे तरी प्रत्येक घरात ठाऊक असले पाहिजे.

मालकी वेगळी, ताबा वेगळा

इमारत मालकाची असते, यात वाद नाही. मात्र भाड्याने दिलेल्या खोलीचा ताबा भाडेकरूकडे असतो आणि कायदा त्या ताब्याचे स्वतंत्रपणे रक्षण करतो. मालकाला खोली परत हवी असेल तर त्याने न्यायालयात दावा लावायचा, कारण सिद्ध करायचे आणि हुकूमनामा मिळवायचा. खोली रिकामी करून घेण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. तो मालकाला नाही, त्याच्या माणसांना नाही, बिल्डरला नाही आणि पोलिसांनाही नाही. १९८९ सालच्या कृष्ण राम महाले विरुद्ध शोभा वेंकटराव या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व स्पष्ट केले आहे. ज्याचा ताबा स्थिर झालेला आहे अशा माणसाला, त्याची मुदत संपली असली तरीही, कायद्याच्या मार्गावाचून बाहेर काढता येत नाही.

आपल्या राज्यात या बाबतीतला मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या १५ व्या कलमाचा सारांश असा, की भाडेकरू कायदेशीर भाडे देत असेल किंवा द्यायला तयार असेल आणि बाकीच्या अटी पाळत असेल, तर साधारणपणे त्याला काढता येत नाही. काढण्याची कारणे १६ व्या कलमात मोजून दिलेली आहेत. "मला तुम्ही नको आहात" किंवा "मला जास्त भाडे देणारा मिळाला आहे" ही कारणे त्या यादीत नाहीत.

२०२१ साली केंद्र सरकारने भाडेकरारासंबंधी एक आदर्श कायदा तयार करून राज्यांकडे पाठवला. त्याच्या आधारे "आता जुने सगळे रद्द झाले" असे संदेश मोबाईलवर फिरतात. तो केवळ नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो आपल्याला लागू होत नाही, म्हणून अशा संदेशांना घाबरू नये.

आपण नेमके कोण?

आपला दर्जा काय, हे प्रत्येकाने आपले कागद काढून पाहावे.

पागडीने किंवा जुन्या भाड्याने राहणारा हा भाडेकरू. त्याला वर सांगितलेले पूर्ण संरक्षण आहे.

लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर ठराविक मुदतीसाठी राहणारा हा परवानाधारक. मुदत संपल्यावर त्याने जागा सोडली पाहिजे. न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि २४ व्या कलमाप्रमाणे दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. म्हणून आमच्या तरुण कुटुंबांना आमचे सांगणे आहे, की करार संपण्याच्या दोन महिने आधी दुसरी जागा पाहायला लागा. परंतु इथेही मालकाचा मार्ग अर्जाचा आहे. सामान जिन्यात फेकण्याची मुभा त्याला नाही.

करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. ५५ व्या कलमाप्रमाणे नोंदणी करून घेणे ही मालकाची जबाबदारी आहे. ती न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. "कागद नाही, म्हणून आपण काहीच नाही" असे समजून घर सोडू नका.

छळाचे नेहमीचे प्रकार

१. *भाडे घेत नाहीत, पावती देत नाहीत.* हा सर्वांत शांत आणि सर्वांत धोक्याचा प्रकार आहे. वर्षभर भाडे घ्यायचे नाही आणि नंतर "भाडे थकवले" म्हणून नोटीस पाठवायची, असा हा डाव असतो. मिळालेल्या रकमेची लेखी पावती देणे ३१ व्या कलमाने मालकावर बंधनकारक आहे. मालक हातात भाडे घेत नसेल तर दर महिन्याला मनिऑर्डरने किंवा चेकने पाठवा. मनिऑर्डर नाकारून परत आली तर तो कागद फेकू नका. आपण भाडे द्यायला तयार होतो, याचा तोच पुरावा आहे.

थकबाकीची नोटीस आलीच तर घाबरू नये, पण झोपूही नये. नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस संपेपर्यंत मालकाला त्या कारणावरून दावा लावता येत नाही. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी, तिच्यावर दरसाल १५ टक्के सरळ व्याज आणि न्यायालय सांगेल तो खर्च भरला आणि पुढचे भाडे नियमित भरत राहिले, तर थकबाकीसाठी घर जात नाही. एवढी मोठी संधी केवळ पाकीट न उघडल्यामुळे लोक घालवतात.

२. *पाणी, वीज, संडास बंद करणे.* पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि सफाई या आवश्यक सेवा आहेत. योग्य कारणाशिवाय त्या तोडणे किंवा रोखून धरणे २९ व्या कलमाखाली शिक्षापात्र गुन्हा आहे. मालकाने महापालिकेचे बिल मुद्दाम न भरल्यामुळे पाणी तुटले, तरी ते त्यानेच तोडले असे कायदा धरतो. सेवा पुन्हा चालू करून मिळावी म्हणून भाडेकरूला न्यायालयात अर्ज करता येतो. विजेच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या ४३ व्या कलमाप्रमाणे जागेत राहणारी व्यक्तीही स्वतःच्या नावाने जोडणी मागू शकते. मालकाचे ना हरकत पत्र नाही, एवढ्याच कारणाने भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले आहे.

३. *धमकी आणि दारातली माणसे.* पोलीस ठाण्यात गेल्यावर पुष्कळदा उत्तर मिळते, "हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा." ते अर्धेच खरे आहे. भाडे किती आणि खोली सोडायची की नाही, हा वाद दिवाणी आहे. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणे दुसऱ्याच्या ताब्यातील जागेत धाक घालण्यासाठी घुसणे (कलम ३२९), धमकी देणे (कलम ३५१), येण्याजाण्याची वाट अडवणे (कलम १२६) आणि वस्तूंची नासधूस करणे (कलम ३२४) हे गुन्हे आहेत. इथेही कायद्याने "दुसऱ्याच्या ताब्यातील" असा शब्द वापरला आहे, "दुसऱ्याच्या मालकीची" असा नाही. म्हणजे खुद्द मालकही हा गुन्हा करू शकतो.

तक्रार तोंडी सांगून परत येऊ नका. ती लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. धमकीबद्दल पोलीस अनेकदा अदखलपात्र नोंद, म्हणजे एन.सी., करतात. तिचीही प्रत घ्यावी. अशा तीन नोंदी पुढे न्यायालयात आपल्यासाठी बोलतात. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार घ्यायला नकार मिळाला तर तीच तक्रार वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना टपालाने पाठवता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. प्रत्यक्ष अंगावर कोणी आले तर ११२ क्रमांकावर फोन करावा.

४. *"पावती नवऱ्याच्या नावाची आहे."* आमच्या मावशींना हेच सांगण्यात आले होते. १९९९ च्या कायद्यात "भाडेकरू" या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात मूळ भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारी त्याच्या कुटुंबातील व्यक्ती येते. पत्नी, मुलगा, मुलगी यांचा हक्क पतीच्या किंवा वडिलांच्या शवपेटीबरोबर पुरला जात नाही. मात्र आपण त्या वेळी तिथेच राहत होतो, हे दाखवणारे कागद हवेत. रेशनकार्ड, मतदारयादी, आधार, विजेचे बिल, मुलांचे शाळेचे दाखले ही सारी कागदपत्रे त्या पत्त्याची असावीत. घरातील कर्ता माणूस गेल्यावर महिन्याच्या मिस्सापर्यंतच पावती आपल्या नावावर करून मिळावी म्हणून मालकाला लेखी अर्ज द्यावा.

५. *"इथे फक्त सही करा."* दुरुस्तीसाठी, पाण्याच्या अर्जासाठी, संमतीसाठी म्हणून जे कागद पुढे येतात, त्यांत कधी कधी राजीनामा लपलेला असतो. कोऱ्या कागदावर सही नको. समजत नाही अशा भाषेतल्या कागदावर सही नको. प्रत मिळणार नसेल तर सही नको. "उद्या सांगतो" हे दोन शब्द म्हणायला शिका. राजा आहाबाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता, ती कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. त्या कथेत नाबोथावर आधी तलवार चाललेली नाही. आधी पत्रे लिहिली गेली, त्यांवर राजाचा शिक्का उमटला आणि खोटे साक्षीदार उभे करण्यात आले. घर हिरावण्याची सुरुवात तेव्हाही कागदापासूनच झाली होती.

६. *"इमारत धोकादायक आहे, आजच निघा."* हे खरेही असू शकते, म्हणून इथे विशेष काळजी हवी. इमारत खरोखर पडण्याच्या स्थितीत असेल तर हक्कापेक्षा जीव मोठा. मुंबईत पावसाळ्यात कोसळलेल्या जुन्या इमारती आपण पाहिल्या आहेत. पण निघण्याआधी महापालिकेची किंवा म्हाडाची लेखी नोटीस पाहा. प्रत्येक भाडेकरूचे नाव आणि त्याच्या खोलीचे क्षेत्रफळ अधिकाऱ्यांकडून लेखी नोंदवून घ्या. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क मरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शाह रतनशी खिमजी प्रकरणात सांगितले आहे. मुंबई शहरातील उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राची जागा देण्याची तरतूद आहे. बिल्डरचे आश्वासन तोंडी घेऊ नका. पर्यायी जागा किंवा भाडे किती, किती काळ आणि नव्या इमारतीत कोणती खोली, हे सारे नोंदणीकृत करारात आले पाहिजे.

कुलूप बदललेच तर

हा भाग कापून कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवावा.

१९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचे सहावे कलम अशा वेळेसाठीच आहे. कायद्याच्या मार्गावाचून, संमतीशिवाय ज्याला जागेतून काढले गेले, तो ताबा परत मिळवण्यासाठी दावा करू शकतो. या दाव्यात मालक कोण हे पाहिले जात नाही. ताबा कोणाचा होता आणि तो जबरीने घेतला का, एवढेच पाहिले जाते. पण मुदत फक्त सहा महिन्यांची आहे. सहा महिने उलटले की हा जवळचा रस्ता बंद होतो.

म्हणून त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. बदललेल्या कुलपाचे आणि बाहेर टाकलेल्या सामानाचे फोटो काढावेत. शेजारच्या दोघांना साक्षीला उभे करावे. त्याच आठवड्यात वकील गाठावा आणि खोली तिसऱ्या माणसाला दिली जाऊ नये म्हणून मनाई हुकूम मागावा. स्वतः कुलूप फोडायला किंवा दहा पोरे घेऊन जायला मात्र आम्ही सांगणार नाही. त्यात आपला खरा हक्कही गुन्ह्याच्या रंगात रंगून जातो.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळतो. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि अपंगांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांच्या आत असावे लागते. विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असते आणि फोन क्रमांक १५१०० हा आहे. मुंबईत भाडेकरूंचे दावे लघुवाद न्यायालयात, ज्याला आपण स्मॉल कॉज कोर्ट म्हणतो, तिथे चालतात. ते धोबीतलावला आहे.

आपलीही बाजू स्वच्छ हवी

आता थोडे कटू बोलतो. आपल्यातील काही कुटुंबे वसई-विरारला राहायला गेली आहेत आणि इथली खोली केवळ "राहू दे" म्हणून कुलूप लावून ठेवली आहे. योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने खोली वापरली नाही, तर ते जागा परत मागण्याचे कायदेशीर कारण ठरते. काहींनी मालकाला न सांगता पोटभाडेकरू ठेवले आहेत. काहींनी लेखी परवानगीशिवाय पक्के बांधकाम केले आहे. ही सारी १६ व्या कलमातली कारणे आहेत. असे वागून नंतर "अन्याय झाला" म्हणत येणाऱ्याला आम्ही काय सांगावे?

मालकाला दरवर्षी चार टक्के भाडेवाढ करण्याचा कायद्याने हक्क आहे. ती वाढ मागितली म्हणून तो छळ होत नाही. त्याला स्वतःला राहण्यासाठी खरोखर जागा हवी असेल तर तोही न्यायालयात तसे सिद्ध करू शकतो. तेव्हा जास्त हाल कोणाचे होतील, हे न्यायालय तोलून पाहते. प्रत्येक घरमालक दुष्ट नसतो आणि प्रत्येक भाडेकरू निष्पाप नसतो.

आपल्यातील घरमालकांना

या धर्मग्रामात घरमालकही आहेत. काहींच्या वाडवडिलांनी पै पै जमवून चार खोल्या बांधल्या. आज त्यांचे जे भाडे येते, त्यात पायरीही दुरुस्त होत नाही. त्यांचे गाऱ्हाणे खोटे नाही. चाळीस वर्षे हे भाडे साचून राहिले, यात भाडेकरूंचाही वाटा आहे. परंतु कायदा मंद आहे म्हणून माणसे पाठवणे, हा त्यावरचा उपाय नव्हे. दुरुस्तीसाठी भाडेकरूंना एकत्र बोलवा, खर्च मांडा, वाढीव भाड्याचा लेखी करार करा. ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे, की मालमत्ता आपली असली तरी तिच्या वापराचा जाब आपल्याला द्यावा लागणार आहे. ज्या दारातून एक म्हातारी बाई रडत बाहेर पडली, त्या खोलीच्या भाड्यातून दिलेले दान वेदीवर कसे ठेवायचे, याचा प्रत्येकाने विचार करावा.

या आठवड्यात करावयाच्या पाच गोष्टी

१. एक फाईल करा. तिच्यात भाडेपावत्या, करार, वीज बिले, रेशनकार्ड आणि पागडीचा कागद ठेवा. त्याची एक झेरॉक्स दुसऱ्या घरी ठेवा.

२. भाडे थकले असेल तर हिशेब करा आणि ते लेखी पुराव्यासह पाठवा.

३. मालकाला जे सांगायचे ते लिहून पाठवा, प्रत ठेवा आणि पोच घ्या. रजिस्टर टपाल २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, म्हणून स्पीड पोस्ट करताना पोच मागून घ्यावी.

४. दुरुस्ती होत नसेल तर लेखी नोटीस द्या. १५ दिवसांत मालकाने ती केली नाही, तर भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र तो वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये.

५. आपल्या मजल्यावर एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती कोण आहे, ते पाहा. तिच्या दारात अनोळखी माणसे उभी राहिली तर आपलेही दार उघडा आणि बाहेर येऊन उभे राहा. धमकी देणाऱ्याला साक्षीदार नको असतो.

मावशींचे काय झाले?

आपल्याच एका लघु ख्रिस्ती समूहातील सद्गृहस्थ न्यायालयात कारकून होते. त्यांनी आम्हाला सहाव्या कलमाची माहिती दिली. तोवर चार महिने उलटले होते. पाचव्या महिन्यात दावा दाखल झाला. शेजारच्या दोन भगिनींनी न घाबरता लेखी साक्ष दिली. खोली कोणालाही देऊ नये असा हुकूम झाला आहे, पण निकाल अजून यायचा आहे. मावशी नालासोपाऱ्याहून प्रत्येक तारखेला पहाटेची लोकल पकडून येतात. पुष्कळदा पुढची तारीख घेऊन परत जातात.

पहिल्या दोन तारखांना त्या एकट्याच गेल्या होत्या. तिसऱ्या तारखेला आम्ही सोबत गेलो. लाकडी बाकावर तीन तास बसलो आणि काम दहा मिनिटांत आटोपले. परतताना त्या म्हणाल्या, "फादर, आज भीती वाटली नाही." आम्ही त्यांना खोली परत मिळवून देऊ शकत नाही, आणि ज्या सल्ल्यामुळे ती गेली तो सल्लाही आता परत घेता येत नाही. पण सोबत बसता येते. पुढील तारखांना कोण सोबत जाऊ शकेल, त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे. इतर कोणावर अशी वेळ आली असेल तर त्यांनीही यावे. मात्र घर सोडण्याआधी यावे.

समूहात चर्चेसाठी

१. आपल्या चाळीत किंवा इमारतीत गेल्या वर्षभरात कोणावर घर सोडण्यासाठी दबाव आला का? त्या वेळी शेजारी म्हणून आपण काय केले?

२. आपल्या घरातील कर्ती व्यक्ती उद्या नसेल, तर घराचे कागद कुठे आहेत हे बाकीच्यांना माहीत आहे का?

३. आपण स्वतः घरमालक असाल किंवा खोली कोणाला दिली असेल, तर तिथे राहणाऱ्याला आपली भीती वाटते का?

आपले धर्मगुरू